एकशे अकरा नापास रोपं

मे महिन्याच्या अकरा तारखेला उल्का कामथेनं एकोणसत्तर नंबरच्या झाडाची फांदी नखानं खरवडली. साल निघाली, पण खाली हिरवं काही दिसलं नाही. तिनं दुसरी खरवडली, तिसरी खरवडली. सगळीकडे चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग. मग ती गुडघ्यांवर बसून बुडापाशी पाहू लागली. तिथं दोन काटेरी, कोवळे फुटवे आले होते. म्हणजे कलम ज्यावर बांधलं तो जंगली खुंट ठणठणीत होता आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते कलम मेलं होतं.

एका झाडाचं दुखणं असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण याच झाडाची कलमं गावातल्या तीस घरांपुढे लावलेली होती आणि सकाळपासून फोन येत होते. माणसं सभ्य होती, कोणी भांडलं नाही. "आमचा प्लम अजून झोपलाय वाटतं," एवढंच म्हणत होती. तो झोपला नव्हता, हे त्यांनाही कळलं असणार.

गाव म्हणजे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातलं बर्च क्रॉसिंग, साल दोन हजार अठ्ठेचाळीस. थंड मुलखात फळं पिकवण्याचं एक छोटं संशोधन केंद्र तिथं आहे. सफरचंद त्यांना जमलं, चेरी जमली. प्लम, म्हणजे आपला आलुबुखार, तेवढा जमत नव्हता आणि तो जमवण्यात उल्काची अठरा वर्षं गेली होती. सासवडच्या अंजीर-सीताफळवाल्या घरातली पोरगी बर्फात आलुबुखार लावायला का गेली, हे तिच्या भावकीला अजून उमगलेलं नाही. खरं सांगायचं तर कधीकधी तिलाही उमगत नसे.

अडचण होती झाडांच्या झोपेची. जपानी प्लम मोठा, रसाळ, गोड, पण झोपेचा कच्चा. उत्तर अमेरिकेतला जंगली प्लम आंबट, बोराएवढा आणि अंगभर काटे, पण झोपेचा पक्का. हिवाळा आला की झाड आपल्या पेशींमधलं पाणी हळूहळू बाहेर काढतं, म्हणजे बर्फ झालाच तर पेशीबाहेर होतो, आत काही फाटत नाही. कळ्यांमधलं उरलेलं पाणी ते गोठू न देता तसंच थंडगार धरून ठेवतं. हे सगळं झोपेत चालतं. फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं की कच्च्या झोपेचं झाड जागं होतं, पाणी परत आत घेतं, आणि पुढच्या थंडीत आतून फुटून मरतं. पूर्वी असे फसवे उन्हाळे दहा-वीस वर्षांतून एकदा यायचे. आता ते दर दोन-तीन वर्षांनी येऊ लागले होते. यंदा आठ दिवस बर्फ वितळला आणि मग पारा सरळ उणे त्रेचाळीसवर गेला.

जपानीची गोडी आणि जंगलीची झोप एकाच झाडात आणायची म्हणजे दोघांचा संकर करायचा, बिया पेरायच्या आणि शंभर-शंभर रोपांतून एक निवडायचं. पूर्वी त्या निवडीला सहा वर्षं लागत. मग केंद्रात ते यंत्र आलं. दोन पानांच्या रोपाचा टिकलीएवढा तुकडा त्याला द्यायचा. ते त्यातली जनुकं वाचून सांगायचं की हे झाड किती गाढ झोपेल, कधी फुलेल, फळ केवढं धरेल. जन्मतःच कुंडली मांडतं म्हणून उल्कानं त्याचं नाव जोशीबुवा ठेवलं. गोऱ्यांच्या जिभेला ते नाव इतकं आवडलं की केंद्राची प्रमुख इंग्रिड हालवर्सनसुद्धा गंभीर बैठकीत विचारी, "यावर जोशीबुवांचं काय म्हणणं आहे?"

जोशीबुवा चुकत नसत. म्हणून तर ते पास करतील ते ठेवायचं आणि बाकीचं रोप तिसऱ्या पानाची वाट न पाहता टाकून द्यायचं, असा केंद्राचा शिरस्ता पडला होता. एकोणसत्तर नंबर त्यांनीच पास केला होता. सहा वर्षांपूर्वी, एका संकराच्या एकशे बारा रोपांमधून एकटा एकोणसत्तर. आणि आज तो मेला होता.

"पाच जूनला नियामक मंडळ येतंय," त्याच झाडापाशी उभी राहून इंग्रिड म्हणाली. ती मनानं चांगली होती, पण गोड बोलून वेळ मारून न्यायची तिला सवय नव्हती. "हा हिवाळा काढून फुललेला एक तरी संकरित प्लम त्यांना दाखवता आला, तर काम चालू राहील. नाहीतर प्लम बंद. जोशीबुवा परत जातील आणि तुलाही दुसरीकडे बघावं लागेल. मी तुझ्या बाजूनं बोलेन, पण बोलून झाड हिरवं होत नाही."

"मला माहीत आहे," उल्का म्हणाली. तिनं खोडाला तारेनं बांधलेली ॲल्युमिनियमची पट्टी सोडवली. मेलेल्या झाडाची पट्टी कपाटात ठेवायची रीत होती. इंग्रिडनं ती सहज हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"ही पट्टी कसली आहे?"

"झाडाची. एकोणसत्तर."

"कुठं लिहिलंय एकोणसत्तर?"

"हे काय समोर." उल्कानं बोट ठेवलं.

"उल्का, ही मला दोन गांडुळं दिसताहेत."

उल्का हसणार होती. पण तिनं पट्टीकडे पुन्हा पाहिलं. पट्टीवर ६९ लिहिलं होतं. मराठीत.

त्या वर्षी पट्ट्या छापायचं यंत्र आठवडाभर बंद पडलं होतं आणि तेव्हा नाना इथं होते. नाना म्हणजे उल्काचे वडील, ज्ञानोबा कामथे. उभा जन्म सासवडच्या रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेला. सीताफळाला डोळा भरावा, म्हणजे चांगल्या झाडाची कळी खुंटाच्या सालीत बसवावी, तर त्यांनीच, असं तालुक्यात बोललं जाई. आई गेल्यावर उल्कानं त्यांना इकडे आणलं होतं. "मोकळा बसून काय करू? पट्ट्या मी लिहितो," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीनं दाबून दाबून एकशे बारा पट्ट्या लिहिल्या होत्या, वळणदार, शाळेत कित्त्याला असायचं तशा अक्षरात. मराठी आकड्यांत. कारण नानांना तेच येत होते.

आणि उल्कानं सहा वर्षांत ती पट्टी पन्नास वेळा वाचली होती. ते आकडे मराठी आहेत, हे तिच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. तिला दोन्ही सारखेच येत, आपण कुठले वाचतोय याचा विचार करावाच लागत नसे.

ती धावतच कचेरीत गेली आणि जुने फोटो काढले. पानाचा तुकडा घ्यायच्या आधी कॅमेरा कुंडीवरची पट्टी वाचून नंबर टाकत असे. एकेक फोटो पुढे सरकू लागला. ६९ च्या कुंडीखाली कॅमेऱ्यानं लाल अक्षरात नोंद केली होती, 'वाचता आलं नाही.' वाचता न आलेली कुंडी नापासात धरायची, असा नियम होता आणि तो उल्कानंच केलेला होता. आणखी दोन फोटो पुढे गेले. तिथं नानांच्या हातचा ठसठशीत ७१ होता आणि त्याच्याखाली कॅमेऱ्यानं बेधडक लिहिलं होतं, 'एकोणसत्तर.'

मराठी सात कॅमेऱ्याला इंग्रजी सहासारखा दिसला आणि मराठी एक इंग्रजी नऊसारखा. बस. जोशीबुवांनी पास केलं होतं ते रोप एकाहत्तर नंबरचं. निकाल आला 'एकोणसत्तर' म्हणून. उल्का कुंड्यांपाशी गेली, तिनं मराठी वाचून एकोणसत्तर उचललं, छातीशी धरलं आणि बाकीची एकशे अकरा टाकून द्यायला सांगितली. त्यांच्यात एकाहत्तर होतं.

टाकायचं काम तिनं कोणाला सांगितलं होतं, हे आठवून तिला जास्त वाईट वाटलं. नानांना.

तेव्हा त्यांच्यात बोलाचाली झाली होती. "दोन पानांवरनं कुणाचं काय कळतंय? वाढू तर दे," असं नाना म्हणत राहिले होते आणि कामाच्या घाईत उल्का फाडकन बोलून गेली होती, "नाना, हे सासवड नाही. तुमच्या हातच्या कामाचं इथं आता काही उरलेलं नाही. ही रोपं तेवढी खड्ड्यात टाका, म्हणजे झालं." दिलेलं काम नानांनी बारा दिवसांत पुरं केलं आणि महिन्याभरात थंडी सोसत नाही म्हणून सासवडला उल्काच्या भावाकडे परत गेले. तेव्हा जुलै चालू होता. फोन होत असत, पण दर रविवारी, पाचच मिनिटं, हवापाण्यापुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं सासवडला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले होते.

"काय गं, आज मधल्या वारीच फोन?" नाना म्हणाले. "बरी हायेस न्हवं?"

"बरी आहे. नाना, एक विचारायचं होतं. त्या वर्षी ती नापास रोपं तुम्हाला टाकायला सांगितली होती, ती कुठल्या खड्ड्यात टाकलीत?" खड्ड्यात निदान एखादं खोड, एखादी मुळी सापडेल, अशी तिची वेडी आशा होती.

पलीकडे खोकण्याचा आवाज आला. "लई वर्सं झाली त्याला."

"आठवून बघा ना. फार गरज आहे."

"रागावणार न्हाईस?"

"नाही रागावणार."

"मागं बी असंच म्हनाली हुतीस."

"नाना!"

"म्या न्हाई टाकली," नाना म्हणाले. "लावली."

उल्का दाराच्या पायरीवर बसली. "काय केलंत?"

"लावली गं. जित्तं रोप उकिरड्यावर टाकाया माझा हात उठंना. रोज धा-धा टोपल्यात घालून न्यायचो. तुमच्या मागल्या ओढ्याच्या पल्याड ती काट्यांची जाळी हाय न्हवं, तिच्यात. भाईर लावली असती तर हरणांनी ठिवली नसती. पर तुझा नियम मोडला हे खरं. काही रोग-बिग पसारला का? तुला कुनी बोललं का?"

"किती लावलीत, नाना?"

"किती म्हंजी? समदी. एकशे अकरा. हरेकाच्या बुडाला उगवतीच्या अंगानं एक धोंडा ठिवलाय, ध्येनात ऱ्हावं म्हनून."

आकड्यांचं उल्का काही बोलली नाही. "संध्याकाळी करते फोन," म्हणाली आणि तिनं बूट चढवले.

पण त्या दिवशी ओढ्याला बर्फाच्या पाण्याचा लोंढा होता. पलीकडे जायला आणखी सहा दिवस थांबावं लागलं आणि ते सहा दिवस उल्काला अन्न गोड लागलं नाही. अठरा तारखेला ती आणि इंग्रिड गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेल्या. तोवर जंगली प्लम फुलला होता. दरवर्षी फुलतो तसाच, अख्खी जाळी पांढरी. केंद्रातल्या खिडकीतून दर मेमध्ये सगळे ती बघत आणि छान आहे म्हणत. आत कोणी शिरत नसे, कारण काटे बोटाएवढे होते.

पहिला धोंडा लगेच सापडला. त्याच्या मावळतीला एक वाळकी काडी उभी होती. दुसरा धोंडा, दुसरी काडी. तिसरी जागच्या जागी मोडली. नानांनी हात-हात अंतरावर, वाफ्यात लावावीत तशी रांगेनं रोपं लावली होती आणि रांगेनं ती मेली होती. काही पहिल्याच हिवाळ्यात गेली असावीत, काही डोक्याएवढी वाढून यंदा गेली होती. इंग्रिड मोठ्यानं मोजत होती. चाळीसपर्यंत तिचा आवाज खणखणीत होता. सत्तरनंतर ती मनातल्या मनात मोजू लागली. उल्काच्या हातांवर ओरखडे उठले होते आणि तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाटत होती की नानांनी हे बारा दिवस एकट्यानं केलं आणि आपण त्यांना एकदाही विचारलं नाही की दिवसभर कुठं असता.

"त्र्याण्णव," इंग्रिड म्हणाली आणि थांबली. तिचा लोकरी स्वेटर दर पावलाला काट्यात अडकत होता आणि ती दर पावलाला एक शिवी देऊन तो सोडवत होती. थोड्या वेळानं शिव्या बंद झाल्या.

"उल्का," ती जाळीच्या आतून म्हणाली. "इथं मला काही टोचत नाहीये."

उल्का अक्षरशः रांगत गेली. इंग्रिड पांढऱ्या फुलांत उभी होती, पण ज्या फांदीला तिनं धरलं होतं तिला काटा नव्हता. साल तांबूस, गुळगुळीत. फुलं बाकीच्यांहून थोडी मोठी. उल्कानं बुडाशी पाहिलं, तर उगवतीच्या अंगाला धोंडा होता. तिनं शेंड्याची एक डहाळी नखानं खरवडली. खाली ओलं, हिरवंगार.

तिला रडूच आलं. इंग्रिडला रडणाऱ्या माणसाचं काय करावं ते कळत नसे, म्हणून ती तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली.

पानाचा तुकडा दुपारी जोशीबुवांच्या पोटात गेला आणि चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. सहा वर्षांपूर्वी 'एकोणसत्तर' नावानं नोंदलेलं रोप आणि हे झाड एकच. यंत्राचं काहीही चुकलं नव्हतं. हे झाड जगेल, असं ते दोन पानांवरून म्हणालं होतं आणि थंडीनं सहा वर्षं घेऊन तेच सांगितलं होतं. उल्काला फार हायसं वाटलं. जोशीबुवांवरचा तिचा विश्वास उडाला असता तर तिला पुढे कामच करता आलं नसतं.

पाच जूनला मंडळाचे पाच सभासद रबरी बूट घालून ओढा ओलांडून आले. तोवर झाडाला वाटाण्याएवढी फळं धरली होती. हेही नशीबच म्हणायचं. संकरित प्लम आपल्याच जातभाईंचे पराग सहसा घेत नाही, त्याला शेजारी जंगली प्लमच लागतो. केंद्राच्या स्वच्छ, ओळीतल्या बागेत हे झाड फुललं असतं आणि बरीचशी फुलं तशीच गळून गेली असती. इथं चारी बाजूंनी जंगली फुलं होती आणि मधमाश्यांना नियम कोणी सांगितले नव्हते.

काम चालू ठेवायचं ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अडलं ते अहवालापाशी. एका सभासदानं मसुद्यात लिहिलं होतं, 'परक्या लिपीतल्या पट्ट्यांमुळे चूक झाली.' त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. भला माणूस होता, प्रकरण लवकर मिटावं एवढीच त्याची इच्छा.

"ते वाक्य काढा," उल्का म्हणाली. "पट्ट्या बिनचूक होत्या. कॅमेऱ्याला एक लिपी येत होती आणि मला दोन. शंका दोघांनाही आली नाही. कॅमेऱ्याचं शंका घेणं हे कामच नाही, माझं होतं. माझं नाव घाला."

त्यांनी तिचं नाव घातलं. त्यानं तिचं काही बिघडलं नाही. उलट तिला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी तिनं सासवडला फोन केला. झाड सापडलं, हे नानांना आधीच कळलं होतं. आता तिनं मंडळाचं सांगितलं, फळांचं सांगितलं. नाना ऐकत होते, मध्येच "वा," म्हणत होते. मग म्हणाले, "पर मला एक सांग. मशीन बरोबर हुती, झाड बरोबर हुतं, मग दुसरंच झाड कसं काय ठिवलंस तू?"

हे टाळायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण नानांपुढे तिला खोटं कधी जमलेलं नव्हतं. तिनं सांगितलं.



"म्हंजी माझ्या आकड्यांनी," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुझी अठरा वर्सं माझ्या हातानं बुडाली असती गं."

"नाही, नाना. असं म्हणू नका. तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. ते दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही, हे माझ्या मनातच आलं नाही. तुमचं अक्षर होतं ना, मला ते घरचंच वाटलं." एवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण बोलायचं तर राहिलंच होतं, सहा वर्षं राहिलं होतं. "आणि मी तुम्हाला नको ते बोलले. इथं तुमचं काही काम नाही म्हणाले. ते माझं चुकलं."

"बोलतंय मानूस घाईत. म्या कुठं ध्येनात ठिवलंय," नाना म्हणाले. त्यांनी अक्षरन् अक्षर ध्यानात ठेवलं होतं, हे त्या घाईघाईनं आलेल्या उत्तरावरून कोणालाही कळलं असतं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "आन् हे बघ, मला मोठेपना देऊ नगस. माझी काय पारख न्हवती त्यात. मशीननं बरोबर पोर हेरलं हुतं. म्या नुसती फेकली न्हाईत."

"माहीत आहे मला. पण आता तेच एक झाड आहे, नाना. तीस घरांची मेलेली कलमं बदलून द्यायची आहेत, शिवाय मंडळाला बागेत अडीचशे हवीत. ऑगस्टमध्ये एकेक डोळा काढून खुंटावर भरायचा आणि एकही वाया घालवायचा नाही. इथली पोरं दहातले चार मारतात. जोशीबुवांना सगळं येतं, पण हात नाहीत."

मग तिनं विचारूनच टाकलं.

"याल का?"

"आगस्टात थंडी न्हाई न्हवं?" नानांनी विचारलं. आणि ती उत्तर देणार तोच, फोन कानाला तसाच ठेवून, त्यांनी घरात सुनेला हाक मारली, "अगं, माळ्यावरनं बॅग काढ माझी."